प्रमुख झोपले आहेत

२१ जुलै

त्या सकाळीही मी आधी टॉवेलच उकळायला ठेवले होते. पंधरा. हजामतीचं दुकान आठवड्यातून तीनच दिवस उघडायचं, तेही जुन्या गिऱ्हाइकांसाठी, पण टॉवेल पंधराच. ते उकळेपर्यंत तांदूळ धुतले, लोणचं मुरवायच्या मडक्यातला तांदळाचा कोंडा खालीवर केला, त्यात दोन काकड्या पुरल्या. मग टॉवेल पिळून, घडी घालून, गुंडाळ्या करून वाफेच्या पेटीत रचले. हे आरशासमोरच्या खुर्चीत बसून गेम खेळत होते. म्हणाले, "तोमिए, जरा इकडं ये. तुला विचारायचंय, हे कुठं..."

मी म्हटलं, "आधी टॉवेल."

यांनी मान हलवली. मग दोन गिऱ्हाइकं आली, जेवणं झाली, आणि मी विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी हे उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नसेल.

त्याला नऊ महिने झाले. ती सकाळ रोज डोक्यात फिरते, म्हणून आज वहीत लिहून टाकली. पण वही काढली ती दुसऱ्याच कारणासाठी.

पुढच्या महिन्यात यांचं पहिलं ओबोन, गेलेली माणसं घरी येतात तो सण. तेरा तारखेला संध्याकाळी दारात पांढरा कंदील लावायचा, म्हणजे पहिल्यांदाच घरी परतणाऱ्याला वाट सापडते. कोसुके, सूनबाई आणि इतोहा ओसाकाहून येणार आहेत. आज फोनवर इतोहानं विचारलं, "आजी, आजोबांच्या गेममधल्या बेटाला पाच तारे झाले का गं?"

मी म्हटलं, "कसले तारे?"

"आजोबा म्हणाले होते, पुढच्या ओबोनपर्यंत पाच तारे करतो. मग पांढऱ्या घंटांचं फूल उगवतं. ते विकत मिळत नाही. ते मला देणार होते."

ती नऊ वर्षांची आहे. रडली नाही, नुसतं विचारलं. तेच मला जास्त लागलं. हे कुणाला शब्द देऊन तो मोडणारे नव्हते. एखाद्याला चार वाजता ये म्हटलं, तर चारला खुर्ची रिकामी असायची.

तेवीस दिवस आहेत.

२२ जुलै

गेम कपाटातून काढून चार्जिंगला लावला. यांनी दोन वर्षांपूर्वीच माझ्या नावाची एक बाई त्या बेटावर करून ठेवली होती. केस मानेपर्यंत आखूड. मी या दुकानात कामाला आले तेव्हा असेच होते. तिचं घर म्हणजे नदीकाठी एक तंबू. तिला मी कधी हलवलंही नव्हतं.

आज तिला चालवायला शिकले. दोनदा झाडावर आपटली.

बेटावर कचेरी आहे. तिथं एक खार बसते, चष्मा लावून. तिला विचारलं की ती तारे सांगते आणि काय कमी आहे तेही सांगते. आज म्हणाली, "तीन तारे. गवत फार वाढलंय. फुलं कमी आहेत. लोकांना बेट उदास वाटतं."

लोक म्हणजे मोमेन नावाचा म्हातारा बकरा, एक बदक आणि आणखी सहाजण. बकरा मला म्हणाला, "तुम्ही नवीन का इथं?"

२३ जुलै

अडीच तास गवत उपटलं. अंगठा सुजला.

यांचं घर टेकडीखाली आहे, निळ्या छपराचं. दार उघडं होतं. आत गेले.

हे आत झोपलेले होते. म्हणजे यांचा बाहुला. अंगावर पांघरूण, आणि ते वर-खाली होत होतं. मी लगेच बाहेर आले. दुपारी जेवले नाही. नाहीतरी उन्हामुळे भूक नव्हतीच.

२६ जुलै

आज पुन्हा गेले. या वेळी नीट बघितलं. बेटाच्या नकाशावर वरची बाजू उत्तर आहे, आणि यांचं डोकं वरच्या बाजूला आहे. उशी उत्तरेला.

उत्तरेला डोकं मेलेल्या माणसाचं करतात. आमच्या घरात यांनी एकदाही अंथरूण तसं घातलं नव्हतं. गावाला गेले तरी खिडकीतून सूर्य बघून मग गादी टाकायचे. मग इथं असं का? हा पलंग कधी आणला असेल? सप्टेंबरात? हातातलं सगळं सोडून मी पलंग ओढायला गेले, तर पडद्यावर अक्षरं आली: "हे दुसऱ्याचं घर आहे. इथल्या वस्तू घरमालकच हलवू शकतो."

शेजारच्या होसोमीबाईंना सांगितलं. त्या मासळीचे वडे तळत होत्या. म्हणाल्या, "तो हयात असताना त्या डबीकडं ढुंकून बघितलं नाहीस. म्हणायचीस, हजामत सोडून म्हातारा खेळत बसलाय. आता डोळे फोडतेस."

मी म्हटलं, "नातीला शब्द दिलाय."

"तू दिलायस?"

मी वडे घेतले आणि आले.

३० जुलै

फुलं लावतेय. रोज पहाटे पाचला उठून दोन तास, मग देव्हाऱ्यापुढं भात आणि चहा, मग पुन्हा तास-दीड तास. झोप नीट लागत नाही. डोळे मिटले की पाणी घालायचं राहिलेले वाफे दिसतात.

माझी शाळा नववीपर्यंत. खरं वाचायला शिकले ते दुकानात, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या मासिकांवर. अडलं की गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता हे अक्षर सांगायचे. पुढं वाचनालयातली जाड पुस्तकंही मी संपवली. त्यामुळे खारीचं बोलणं मला कळतं. पण कळूनही ती समाधानी होत नाही. आज म्हणाली, "छान प्रगती आहे. मात्र सजावटीच्या वस्तू कमी पडतात."

दुकानाचं शटर हे गेल्यापासून उघडायचं राहिलंय. आत त्या दिवशी वापरलेल्या टॉवेलांची टोपली आहे, पण समुद्राच्या हवेनं शटर गंजलं असणार. एकटीला ते जमायचं नाही. कोसुके आला की बघू.

२ ऑगस्ट

चार तारे.

खुर्चीतून उठून मी देव्हाऱ्यातल्या यांच्या फोटोला सांगितलं. मग वाटलं, चारच तर आहेत.

बेट आता शोभिवंत दिसतं. बंदरापासून यांच्या घरापर्यंत सरळ वाट केलीय. दोन्ही बाजूंना ओळीनं पांढरी शेवंती, आणि दर पाच पावलांवर दगडी दिवा. वाकडंतिकडं काही नाही. बदकानं वाटेत टाकलेला चेंडू उचलून ठेवला.

४ ऑगस्ट

आज इतोहा तिच्या गेममधून आमच्या बेटावर आली. फोन बाजूला चालू होता. तिची बाहुली पिवळ्या टोपीची. नावेतून उतरली आणि वाटेवर उभीच राहिली.

मी म्हटलं, "पळ की. बघ किती फुलं लावलीत."

ती थोडी चालली, परत थांबली. मग फोनवर म्हणाली, "आजी, थडगं कुठं आहे?"

"कसलं थडगं?"

"आजोबांचं. डोंगरावरच्या देवळामागं आपण जातो ना, तिथं असंच आहे. दगडी दिवे. पांढरी शेवंती."

मागून सूनबाईचा आवाज आला, "इतोहा, असं बोलू नये."

इतोहा म्हणाली, "मी वाईट नाही म्हणत. फक्त विचारतेय."

मी म्हटलं, "पांढरं स्वच्छ दिसतं म्हणून लावलं." ते खरंही होतं. बाजारातल्या फुलवालीकडं नऊ महिने मी पांढरी शेवंतीच मागतेय, हात त्याच बियांवर गेला. त्यात एवढं काय?

सूनबाईनं फोन घेतला. म्हणाली, "आई, तुम्ही जेवता ना वेळेवर?"

म्हटलं, जेवते.

५ ऑगस्ट

रात्री डोक्यात तेच होतं, त्यामुळे सकाळी पुन्हा बघितलं. बंदरावर उभं राहून, नवख्या माणसासारखं. वाट सरळ यांच्या दारात जाते. आत हे उत्तरेला डोकं करून झोपलेले.

सगळी शेवंती उपटली. दिवे काढले. नऊपासून दीडपर्यंत वेळ गेला. मग कचेरीत गेले.

"तीन तारे," खार म्हणाली.

आठ दिवस उरलेत.

७ ऑगस्ट

लाल, पिवळी, निळी, जी मिळतील ती फुलं लावली, ओळीनं नाही. बाक ठेवले. बदकाचा चेंडू परत टाकला. बकरा आज पहिल्यांदा बाकावर बसला. चार तारे परत आले.

पण पाचवा अडलाय, आणि कशानं ते आज खारीनं स्पष्ट सांगितलं. "नदीच्या पश्चिमेला रान माजलंय. तिकडं जायला पूल नाही."

मी विचारलं, पूल कसा बांधायचा.

"पूल फक्त बेटाचे प्रमुख बांधू शकतात."

"प्रमुख कुठं आहेत?"

"प्रमुख झोपले आहेत."

ती हसतमुखानंच म्हणाली. तिचा चेहरा तेवढाच आहे. मी गेम पालथा घालून ठेवला.

८ ऑगस्ट

कोसुकेला फोन केला. तो म्हणाला, "सोपं आहे, आई. गेम सुरू करताना दोन चेहरे येतात ना? तुझा दाबतेस तसा बाबांचा दाब. ते उठतील."

"उठतील म्हणजे?"

"उठतील म्हणजे चालतील. तूच चालवशील त्यांना."

तो म्हणाला, "मी दाबू का आल्यावर?"

"तुम्ही तेराला येणार. पूल बांधायला एक दिवस लागतो. मग गवत काढायचं."

"मग राहू दे. इतोहाला मी समजावतो."

मी म्हटलं, नको समजावू.

अडचण वेगळीच आहे, आणि ती त्याला सांगता येईना. यायचा दिवस तेरा. दारात तागाच्या काड्या पेटवायच्या, कंदील लावायचा, मग यायचं. त्याआधी कुणाला उठवत नाहीत. नऊ महिने झोपलेल्या माणसाला, मला पूल हवाय म्हणून पाच दिवस आधी हाक मारायची, हे बरं दिसतं का? आणि उठले नाहीत तर? चेहरा दाबला आणि काहीच झालं नाही, तर मी काय करणार?

हे उठले नाहीत त्या सकाळीही मी दोनदा हाक मारली होती.

९ ऑगस्ट

काही केलं नाही. दोनदा गेम उघडला, दोनदा बंद केला. होसोमीबाई दुधी घेऊन आल्या. त्यांना सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "माझा म्हातारा दुपारी झोपला की चारच्या आत उठवायची सोय नव्हती. उठवला की दिवसभर फुरंगटायचा. तुझा कसा होता?"

"कधीही उठवा, हसतच उठायचा."

"मग अडतंय कुठं?" असं म्हणून त्या दुधी ठेवून गेल्या.

१० ऑगस्ट

सकाळी दहा वाजता दाबला.

आधी पडदा काळा झाला. मग निळ्या छपराच्या घराचं दार उघडलं आणि हे बाहेर आले. केस सगळे उभे, एका बाजूला चपटे, मागं झुडूप. खूप दिवस झोपलं की गेम असे केस करतो म्हणे. कोसुकेनं नंतर सांगितलं.

चव्वेचाळीस वर्षं न्हाव्याचं दुकान. हा माणूस केस न विंचरता कधी दुकानाच्या पायरीपर्यंत आला नाही. ताप होता तेव्हाही नाही. आणि हा असा उन्हात उभा, जांभई देत.

मला हसू आलं. मग बराच वेळ काही दिसेना. चष्मा पुसून आले.

आधी यांना आत नेलं. घरात आरसा होता. डावीकडं भांग पाडला, मागचं बसवलं. मग पलंग ओढून उशी पूर्वेला केली. आता ओढता आला.

बाहेर पडल्याबरोबर बकरा धावत आला. "अहो योशिहारू! दहा महिने! कुठं होतात? मला वाटलं, तुम्ही आम्हाला विसरलात." बदक बोललंच नाही, पाठ फिरवून उभं राहिलं. मग म्हणालं, "बोलणार नाही." एकेकाला गाठून त्यांचं ऐकून घेतलं. सगळे रागावले होते. एकालाही खरं माहीत नाही. उत्तर म्हणून दोनच वाक्यं निवडता येतात, "माफ करा" आणि "आता इथंच आहे". मी आठही जणांना "माफ करा" दिलं.

यांच्या पिशवीत गळ होता, तीन नासपती होत्या आणि पुलाची खुंटी. जिथं ठोकू तिथं पूल होतो. म्हणजे सामान केव्हाच आणलं होतं, नुसतं ठोकायचं होतं. का थांबले होते कोण जाणे. एरवी यांना ठरवायला वेळ लागत नसे. दुकानातलं काही इकडचं तिकडं करायचं असलं, तरच "हे कुठं ठेवू" म्हणून मला विचारत.

मी खुंटी तंबूसमोर ठोकली. तिथून मला सोयीचं पडेल.

१२ ऑगस्ट

काल पूल झाला. लाकडी आहे, कमानीचा. बेटावरचे सगळे जमून टाळ्या वाजवत होते, हे मधे उभे. भांग नीट होता.

पश्चिमेला नुसतं गवत आणि नासपतीची झाडं. काल आणि आज मिळून उपटतेय, यांच्याच हातानं. संध्याकाळी खार म्हणाली, "चार तारे. अगदी थोडं राहिलं."

काय राहिलं ते सांगेना. उद्या तेरा. घर झाडायचंय, कंदील टांगायचाय, भाज्या आणायच्यात. माझ्यानं होणार नाही हे. इतोहाला काय सांगू?

१४ ऑगस्ट

सगळे आले. काल दारात तागाच्या काड्या पेटवल्या, धूर सरळ आत आला. पांढरा कंदील वाऱ्यानं सारखा फिरत होता, कोसुकेनं तळाला दोरी बांधली.

इतोहानं काकडीला काड्यांचे पाय लावून यांना घरी बसून यायला घोडा केला. एक पाय आखूड राहिला. देव्हाऱ्यापुढं ठेवला तर कलंडला. ती म्हणाली, "म्हणून आजोबांना उशीर झाला असेल."

आज भिक्षू येऊन मंत्र म्हणून गेले. मग मी तिला बाजूला घेऊन सांगून टाकलं. "चारच झाले गं. फूल नाही उगवलं."

ती म्हणाली, "बघू." गेम हातात घेतला आणि यांचा चेहरा दाबला. सहज. हे बाहेर आले.

"आजी, आजोबांचे केस कुणी विंचरले?"

"मी."

"भांग उलट्या बाजूला आहे."

मी पडदा जवळ घेतला. फोटोपाशी नेऊन बघितलं. खरंच उलटा. दुकानात मी कायम यांच्या मागं, टॉवेल घेऊन उभी. यांचा चेहरा मी आरशातच जास्त पाहिला.

इतोहानं नीट केला.

१६ ऑगस्ट

दोन दिवस इतोहा खेळली, मी शेजारी बसून. पुलापलीकडं तिनं कलिंगडं लावली, झोपाळा टांगला, बकऱ्याला लाल टोपी दिली. मी म्हटलं, पसारा होतोय. ती म्हणाली, "आजी, लोक राहतात इथं."

संध्याकाळी निरोपाचा विस्तव केला. पहिल्या ओबोनचा कंदील पुन्हा वापरत नाहीत. कोसुकेनं तो विस्तवावर धरला. कागद लगेच गेला, बांबूच्या काड्या मागं राहिल्या.

इतोहानं विचारलं, "आता आजोबांना गेममध्ये पण झोपवायचं?"

मी म्हटलं, "आज नको. तू उद्या जाईपर्यंत राहू दे."

२० ऑगस्ट

ओसाकाची मंडळी सतरालाच गेली. कोसुके म्हणत होता, शटर बघतो. गडबडीत राहिलं. मीही आठवण केली नाही.

परवा सकाळी एकटीनंच यांचा चेहरा दाबला आणि कचेरीत गेले. खार उभी राहिली. "पाच तारे," म्हणाली. काय कमी होतं आणि कशानं भरलं, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुलाच्या टोकाशी, कलिंगडांच्या कडेला, ते फूल आलं होतं. लहानसं आहे. शोधलं नसतं तर दिसलंही नसतं. यांच्या हातानं उपटलं, बेटावरच्या टपालात घातलं. सोबत पत्र लिहायला जागा असते. "कबूल केल्याप्रमाणे. आजोबा." एवढंच लिहिलं. दुपारी इतोहाचा फोन आला, मिळालं.

मग यांना घरी आणलं. बंद करताना पडदा विचारतो, "झोपायचं का?" बाहेर बकरा कुणाला तरी हाका मारत होता. मग हो दाबलं. हे पूर्वेला डोकं करून झोपले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाचं शटर धरलं, ते पहिल्या झटक्यात वर गेलं. टोपलीतले सहा टॉवेल काढले, उकळले, पिळले आणि मागच्या काठीवर वाळत घातले.